मूल तयार आहे. शाळा तयार आहे काय?

पहिलीत येणारे मूल शाळेसाठी ‘तयार’ आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत आता महाराष्ट्रात रुळली आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने राज्यभर शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. शाळेच्या पटांगणात टेबले मांडायची. एका टेबलावर नावनोंदणी, पुढच्या टेबलांवर मुलाला उड्या मारायला, वस्तू वेगळ्या करायला, चित्र पाहून बोलायला, खडे मोजायला सांगायचे आणि शेवटी त्याचे विकासपत्र आईच्या हाती द्यायचे. मग मातांचे गट करून घरी मुलाकडून काय करून घ्यायचे, त्याची कार्डे द्यायची. कोरोनाच्या दोन वर्षांत अंगणवाडीचा उंबरा न पाहिलेली मुले पहिलीत येणार होती. त्यातून हा उपक्रम उभा राहिला. उपक्रमाचा हेतू चांगला आहे. ज्या बाईला शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहण्याची सवय लागली होती, तिला पटांगणात मानाने बोलावणे ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही त्याचे स्वागतच करतो.

पण या सर्व टेबलांवर परीक्षा होते ती मुलाची आणि त्याच्या आईची. शाळेची परीक्षा घेणारे टेबल त्या पटांगणात कुठेच नसते. आमचा आक्षेप नेमका तेथे आहे.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसले. शिपाई असला तर पाणी मिळे, नसला तर तहानलेले राहावे लागे. तो मुलगा शाळेसाठी पुरेपूर तयार होता. तयार नव्हती ती शाळा. शंभरहून अधिक वर्षांनंतर गोणपाट गेले, पण प्रश्न विचारण्याची दिशा बदलली नाही. आजही मूल मागे पडले की मुलात खोट शोधली जाते, मग त्याच्या आईबापात, मग त्याच्या वस्तीत. शाळेच्या वेळापत्रकात, भाषेत, पायऱ्यांत आणि मनोवृत्तीत खोट आहे काय, हे विचारण्याची वेळ येईपर्यंत ते मूल शाळेतून बाहेर पडलेले असते. म्हणूनच पहिलीच्याही आधीच्या तीन वर्षांकडे, म्हणजे वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या शिक्षणाकडे, चळवळीने पाहिले पाहिजे असे आम्ही म्हणतो.

उदाहरण दूरचे नको, पुणे जिल्ह्यातील मावळचे घेऊ. मावळ म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की आणि भुशी धरण आठवते. आम्हाला कार्ले, भाजे आणि बेडसे आठवतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाला दान देणाऱ्यांच्या नावांत श्रेष्ठींच्या बरोबरीने सुताराचे नाव कोरलेले आहे. याच मावळात तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचे घर होते आणि मावळच्या वेशीवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्या भूमीवर ज्ञानाचे दार सर्वांना उघडे होते, त्या भूमीवरील तीन वर्षांच्या मुलाला आज कोणते दार उघडे आहे, हा प्रश्न म्हणूनच आमचा आहे.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी या तालुक्याची खोरी. डोंगराच्या कडेला कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्या. गावोगाव बौद्ध आणि मातंग वस्त्या. लोणावळा-खंडाळ्यात बंगल्यांची राखण करणारी, हॉटेलात भांडी घासणारी, चादरी धुणारी माणसे. तळेगावकडे कारखान्यांतील कंत्राटी कामगार आणि फुलशेतीच्या पॉलीहाऊसमध्ये गुलाब काढणाऱ्या बाया. या माणसांचे वर्ष कसे जाते ते पाहा आणि त्याशेजारी सरकारचे वर्ष ठेवून पाहा.

कातकरी कुटुंब उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. पहिला मेळावा असतो एप्रिलमध्ये. मूल तेव्हा भट्टीवर, विटांच्या थप्पीच्या सावलीत असते. दुसरा मेळावा जूनमध्ये. तेव्हा घर शाकारायचे असते, भाताची रोपे टाकायची असतात आणि लगेच लावणीचे दिवस येतात. मावळचा पाऊस म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीला चार महिने तुटून राहणे. लोणावळ्यात आणखी वेगळी तऱ्हा. नोकरदार पालकांची सोय म्हणून पालकसभा शनिवारी किंवा रविवारी घ्यावी असे शहाणी माणसे सुचवतात. पण शनिवार-रविवारी सारी मुंबई लोणावळ्यात उतरते आणि तेच दोन दिवस हॉटेलात, बंगल्यावर काम करणाऱ्या बाईच्या कमाईचे असतात. त्या दिवशी तिने खाडा केला तर मजुरी तर जातेच, कामही जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी मात्र शेरा तयार असतो : ‘पालक उदासीन आहेत.’

हे उदासीन पालक नव्हेत. ज्यांच्या पोटाचे कॅलेंडर कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर टांगलेले नाही, असे हे पालक आहेत. एखाद्या बीटमधील पालकसभा मंगळवारी संध्याकाळी सात वाजता वस्तीत घेऊन पाहा. मग कोण उदासीन आहे ते कळेल.

‘पालकांचा सहभाग’ हा शब्द आज शिक्षणक्षेत्रात फार गोड झाला आहे. आम्हाला तो परका नाही. पालकाच्या सहभागाचे महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी उदाहरण आमच्याच घरातले आहे. परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत सुभेदार रामजी सकपाळ रात्री दोन वाजता भिवाला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाऊन उसने आणत. पण ही गोष्ट सांगून जे लोक आजच्या बापाला ‘तू रामजीबाबांसारखा हो’ म्हणतात, ते अर्धीच गोष्ट सांगतात. रामजीबाबा लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. लष्कराने महार शिपायाला आणि त्याच्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले होते म्हणून ते शिकले आणि म्हणूनच पुढे मुलाला शिकवू शकले. एका पिढीला दार उघडते, तेव्हा पुढच्या पिढीचा पालक तयार होतो. पालकाची तयारी ही कोण्या घराण्याची उपजत गुणसंपदा नसते, ती हक्काची फळे असतात. ज्या आईला शाळेनेच चौथीत बाहेर काढले, तिच्या हाती कार्ड देऊन ‘आता तू शिकव’ म्हणणे आणि तिला जमले नाही की तिला अडाणी ठरवणे, हा सहभाग नव्हे. ही जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत आहे.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण ते दंड ठेवून थांबले नाहीत. आधी शाळा काढल्या, वसतिगृहे उभारली, खजिना मोकळा केला. पालकाला जाब विचारण्याचा अधिकार त्यांनी आधी स्वतःचे काम करून कमावला होता. आजच्या सरकारांनी तो कमावला आहे काय?

‘अंगणवाडी’ हा शब्द आला कसा, हेही आमच्या तरुणांनी जाणून घ्यावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गावातील बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. मुले गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा कुरणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा अंगणवाडीचा मूळ अर्थ. तो ताराबाईंचा मोठेपणा होताच. पण मुले का येत नव्हती? अस्पृश्यतेची भिंत आणि पोटाची आग, ही दोन कारणे होती. म्हणजे अंगणवाडी हा शब्दच जातिव्यवस्थेने बंद केलेल्या दारातून जन्मला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हा मराठी शब्द साऱ्या देशाचा झाला. आज महाराष्ट्रातच एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शब्द पसरला, पण अर्थ हरवला. अंगणात जाणारी शाळा कुणाच्या अंगणात बसली?

खेड्यात अंगणवाडीची खोली बहुधा मुख्य गावठाणात. वस्ती ओढ्यापलीकडे, पाडा डोंगराकडेला. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील शालेय पोषण आहार आणि रेशन यांवरील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा केंद्र कोणाच्या आळीत आहे आणि स्वयंपाक कोणाच्या हातचा आहे यावर दलित मुलाचा घास कसा अवलंबून असतो, हे पुढे आले होते. सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात २००४ मध्येच सांगितले की नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्या. मागेल त्याला अंगणवाडी! हा आदेश आमच्या किती कार्यकर्त्यांच्या खिशात आहे? पुतळ्याच्या परवानगीसाठी आम्ही तहसील कचेरीत जितके हेलपाटे घालतो, त्याच्या निम्मे हेलपाटे या एका कागदासाठी घातले असते, तर अनेक वाड्यांचे चित्र बदलले असते.

आता कायद्याकडे पाहू. घटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे होते. ‘सर्व मुले’ म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्यात आले. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटले. मग २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती आली. साऱ्या देशाने तिचा जयजयकार केला, कारण शिक्षण मूलभूत हक्क झाले. पण त्याच दुरुस्तीने हक्काची सुरुवात सहाव्या वर्षापासून धरली आणि सहा वर्षांखालील मुलांना ‘राज्य प्रयत्न करील’ या मार्गदर्शक तत्त्वात नेऊन ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम ११ आले. त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार आवश्यक व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच आहे. करीलच, असे नाही.

दिव्यांग मुलाचेही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या केली, दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. पण मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना आणि तोही सहा ते अठरा या वयात. म्हणजे ज्या वयात बोलणे फुटते, हात वळतो, मन घडते, त्या वयात कोणत्याही मुलाला शिक्षणाचा हक्क नाही, फक्त सोय आहे. सोय साहेबाच्या मर्जीने मिळते. हक्क न्यायालयात मागता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची पाच वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून गौरवली. पण पायाला कायद्याचा आधार देण्याचे काम मात्र बाकीच राहिले.

पैशावाल्याला याची झळ नाही. त्याचे मूल अडीच वर्षांचे झाले की प्लेग्रुपला जाते. पहिलीत येईपर्यंत त्याची शाळेशी तीन-साडेतीन वर्षांची ओळख झालेली असते. वस्तीतले मूल त्याच वर्गात त्याच दिवशी बसते आणि दोघांना एकाच पट्टीने मोजले जाते. मग म्हणायचे, ‘गुणवत्ता’! म. फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते की, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले प्राथमिक शिक्षणालाही वंचित राहतात. तेव्हा झिरपण्याचा सिद्धांत होता. आज त्याचे नाव गुणवत्ता आहे.

सर्वसमावेशक या शब्दाचा अर्थ फक्त उताराचा रॅम्प असा घेतला जातो. रॅम्प हवाच. पण कातकरी मुलाला समावेश म्हणजे त्याच्या घरच्या बोलीला वर्गात जागा. तीन-चार वर्षांचे मूल घरची बोली बोलते तेव्हा ‘असे नाही, नीट बोल’ म्हणून त्याला गप्प करणारी ताई नकळत त्याला शिकवते की तुझी आई चुकीचे बोलते. मासे, खेकडे, रानभाज्या, पाखरे यांची नावे ज्या मुलाला मुखोद्गत आहेत, त्याला कार्डावरचे सफरचंद ओळखता आले नाही म्हणून त्याच्या विकासपत्रावर ‘मदतीची गरज’ लिहायचे, ही कसली मोजणी? त्याच्या आजीला आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बसवा. ती तिच्या बोलीत गोष्ट सांगेल, ताई तीच गोष्ट मराठीत सांगेल. पालकांचा सहभाग याला म्हणतात. यात आजी विद्यार्थी नाही, शिक्षिका आहे.

आणि दिव्यांग मूल? येथे आम्हाला आमच्याच समाजाशी दोन कडू शब्द बोलायचे आहेत. ज्याला ऐकू येत नाही, ज्याची मान स्थिर राहत नाही, ज्याची बुद्धी सावकाश चालते, असे मूल घरात आले की आमच्या वस्तीतही कोणी तरी पुटपुटते, ‘मागच्या जन्माचे भोग’. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत खोडून काढला, कारण याच सिद्धांताने आम्हाला हजारो वर्षे अस्पृश्य ठेवले. तुम्ही महार जन्मलात ते गेल्या जन्माच्या पापाने, हे सांगणारे तोंड आणि मूल मुके जन्मले ते गेल्या जन्माच्या पापाने, हे सांगणारे तोंड एकच आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते तोंड उघडता कामा नये. मुलाला आतल्या खोलीत लपवणे म्हणजे आपल्याच घरात नवा बहिष्कृत तयार करणे होय.

लपवल्याने नुकसान कसे होते तेही समजून घ्या. ऐकू न येणारे मूल पहिलीच्या दाखल्याच्या वेळी, सहाव्या वर्षी उघडकीस येते, तोवर भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. खरे तर २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. २०१६ च्या कायद्यातही वर्षातून किमान एकदा सर्व मुलांच्या तपासणीची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळख, कुटुंबाला बळ आणि आशा-आरोग्यसेविकेमार्फत पुढील उपचार, असे तिचे टप्पे आहेत. कागद उत्तम आहे. पण तपासणीचे पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मूल भट्टीवर असेल किंवा आतल्या खोलीत असेल, तर कागद काय करील? कातकरी ही केंद्राने आदिम म्हणून मानलेली जमात. १५ नोव्हेंबर २०२३ पासूनच्या पीएम-जनमन योजनेत अशा जमातींच्या पाड्यांसाठी अंगणवाड्यांचाही समावेश आहे. मावळच्या वाड्यांनी आपला वाटा त्यातून मागितला पाहिजे.

अमेरिकेतील आमच्या काळ्या बांधवांचा अनुभव येथे उपयोगी आहे. मिशिगन राज्यातील यप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब काळ्या कुटुंबांतील १२३ मुले. त्यांतील काहींना बालशाळा दिली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन आईबरोबर बसल्या. ती मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालशाळा मिळालेल्यांत शालेय शिक्षण पूर्ण करणारे अधिक, कमावणारे अधिक, तुरुंगाची पायरी चढणारे कमी निघाले. हा झाला लाभाचा पुरावा. पण चळवळीला त्याहून मोठा धडा मिसिसिपीचा आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ योजनेखाली तेथे काळ्या वस्त्यांत ऐंशीहून अधिक बालकेंद्रे उघडली. ती चालवली त्याच वस्त्यांतील आयांनी. कालपर्यंत गोऱ्यांच्या शेतात आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाया पगारी शिक्षिका झाल्या, समित्यांवर बसल्या. हे पाहताच तेथील गोऱ्या सेनेटरांनी या केंद्रांचा पैसा तोडण्यासाठी आकाशपाताळ एक केले. का? मुले रंगकाम करीत होती म्हणून? नव्हे. आया निर्णय घेऊ लागल्या होत्या म्हणून. पालकांचा सहभाग जोवर ऐकण्यापुरता असतो तोवर सर्वांना आवडतो. तो हिशेब विचारू लागला की टोचतो. आम्हाला टोचणारा सहभाग हवा आहे.

या साऱ्याचा भार ज्या सेविकेवर आहे, तिच्याविषयी बोललेच पाहिजे. वजन, उंची, आहार, लसीकरणाला मदत, सर्वेक्षण, मोबाईलवरील नोंदी, आणि उरलेल्या वेळात शिक्षण! डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला, तो चैन म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी सरकारच्या लेखी त्या ‘मानसेवी’ आहेत आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. यातील कितीतरी बाया आमच्याच समाजातील आहेत. जिला स्वतःला कामगार म्हणून मान नाही, तिने दुर्लक्षित मुलाला मान द्यावा अशी अपेक्षा करायची आणि उणीव राहिली की तिलाच दोषी ठरवायचे, हा दुटप्पीपणा आहे. पालक आणि सेविका यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव ओळखा. दोघींची बाजू एकच आहे.

आमच्यातील नोकरदार वर्गालाही विचारतो. आरक्षणाने नोकरी मिळाली, शहरात फ्लॅट झाला, मूल इंग्रजी नर्सरीत गेले. ‘अंगणवाडी म्हणजे खिचडी’ असे म्हणत आम्ही तिकडे पाठ फिरवली. एका खोलीत चाळीस मुले, खेळायला जागा नाही आणि तीन वर्षांच्या मुलाच्या कोवळ्या बोटांत पेन्सिल, त्यालाच आम्ही शिक्षण समजलो. जे पाठ फिरवून गेले, त्यांनी मागे राहिलेल्यांचा आवाजही सोबत नेला. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागा पूर्वप्राथमिक वर्गापासून लागू होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. तो हक्क वापराच. पण पंचवीस टक्क्यांत सारी वस्ती मावणार नाही. सारी वस्ती मावेल ती अंगणवाडीतच.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शिक्षणहक्क कायद्याची सुरुवात तिसऱ्या वर्षापासून करा आणि कलम ११ मधील ‘करू शकेल’ च्या जागी ‘करील’ लिहा. शाळेला जशी तीन-चतुर्थांश पालक असलेली व्यवस्थापन समिती कायद्याने मिळाली आहे, तशी कायद्याचे बळ असलेली समिती अंगणवाडीलाही द्या. तीत दुर्लक्षित घटकांतील आणि दिव्यांग मुलांच्या आया बसतील हे पाहा. वीटभट्टीवर हंगामी अंगणवाडी आणि गावाहून भट्टीकडे, भट्टीहून गावाकडे जाणारी मुलाची नोंद, या दोन्ही गोष्टी भट्टीमालकाच्या परवान्याशी जोडा. पॉलीहाऊस, कारखाने आणि हॉटेलांच्या पट्ट्यात अंगणवाडीला पाळणाघर जोडा. तीन तासांची अंगणवाडी दहा तास राबणाऱ्या आईच्या कामाची नाही. मेळाव्याच्या तारखा पुण्याहून नव्हे, वाडीत बसून ठरवा.

आणि सरकारची वाट न पाहता आम्ही काय करू शकतो? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायचे असतात. येत्या ग्रामसभेत विचारा, यातील किती रुपये अंगणवाडीच्या शौचालयावर, उतारावर, खेळण्यांवर गेले. वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी करा. त्यात आतल्या खोलीतले मूल आधी लिहा. चाळीस भरली आणि अंगणवाडी नसेल तर २००६ च्या आदेशासह अर्ज द्या आणि पोच घ्या. विहार रविवारच्या वंदनेपुरते उघडे ठेवू नका. मधल्या वारी संध्याकाळी तेथे पालकसभा भरवा. शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास तेथे गोष्टीची पुस्तके घेऊन बसावे. ज्या आईला वाचता येत नाही तिच्याकडून गाणी, गोष्टी, कोडी लिहून घ्यावीत. तीच त्या वस्तीची पहिली पाठ्यपुस्तके होतील.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आम्ही कॉलेजच्या दारापासून मोजत आलो. तो अंगणवाडीच्या उंबऱ्यापासून मोजावा लागेल. पुढच्या जूनमध्ये मावळातल्या एखाद्या वाडीवर मेळाव्याची टेबले लागतील, तेव्हा वस्तीने आपले एक टेबल शेजारी मांडावे आणि शाळेचे विकासपत्र भरावे. आमच्या बोलीला येथे जागा आहे काय? चाकाच्या खुर्चीला वाट आहे काय? पाणी सर्वांना एकाच माठातले आहे काय? सभा आमच्या सवडीने होते काय? भट्टीवरचे मूल तुमच्या पटावर आहे काय? ज्या रकान्यात ‘नाही’ येईल तेथे खाली सही घ्यावी, तारीख टाकावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारावे.